दिराचीही गय नाही

बस कंपनीच्या मुख्य कचेरीत आकड्यांचा विभाग ज्या सांभाळायच्या, त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. मोठे साहेबही बाई म्हणत आणि जिना पुसणारी मावशीही बाईच म्हणायची. उमेदीच्या काळात त्यांनी काही वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. ते कुणाला तरी कळलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

बाईंचा दरारा होता, पण तो आवाजाचा नव्हता. पुरवठादारांनी दिलेली पेनं त्या परत पाठवायच्या. कुणी मिठाईचा पुडा टेबलावर ठेवला तर तो तसाच बंद राहायचा आणि संध्याकाळी शिपायाच्या हाती देणाऱ्याकडे रवाना व्हायचा. कॅन्टीनमध्ये गमतीने म्हणत, बाई स्वतःच्या सावलीचीसुद्धा पावती मागतील. बाईंच्या कानावर ते जायचं आणि मनातून त्यांना बरंच वाटायचं.

या सोवळेपणाला कारण होतं. बाईंचे वडील एका कारखान्यात खरेदी खात्यात होते. एका वर्षी त्यांनी इमारतीचा रंग घेतला तो मेव्हण्याच्या दुकानातून. रंग चांगला, भाव रास्त. पण कुणीतरी ठिणगी टाकली, चौकशी बसली. चौकशीत काही निघालं नाही, वडील स्वच्छ सुटले. तरी शेजारपाजारचे लोक त्यांना बघून बोलता बोलता थांबत, ते थांबतच राहिले. त्यानंतर वडील कुठल्याही समारंभात कधी पुढच्या खुर्चीवर बसले नाहीत. मागे दाराजवळ बसायचे आणि सगळ्यांच्या आधी निघायचे. दुधाने तोंड पोळलं वडिलांचं, ताक फुंकून प्यायला शिकली लेक.

आता कंपनीची अडचण अशी झाली होती की आकडे होते ढीगभर, पण एका जागी नव्हते. तिकिटांची यंत्रं एका ठिकाणी लिहायची, डिझेलची नोंद दुसरीकडे, दुरुस्तीचं खातं तिसरीकडे, पासांचं आणखी कुठे. साहेबांनी सकाळी विचारलं की दुपारच्या कोणत्या गाड्या रिकाम्या धावतात, तर उत्तर यायला दुसरा दिवस उजाडायचा. तेव्हा ठरलं की डेटा वेअरहाऊस उभं करायचं. म्हणजे सगळीकडचे आकडे एका मोठ्या कोठारात आणून नीट लावायचे आणि हवा तो प्रश्न तिथे विचारायचा.

हे कोठार दोन तऱ्हेने मिळत होतं. एक ओपन सोर्स: त्याचा कोड जगाला खुला, लायसन्सचा पैसा नाही, पण उभारायचं आपण, राखायचं आपण, बिघडलं तर निस्तरायचंही आपणच. दुसरं कमर्शियल: दरमहा बिल भरायचं आणि राखणीचा घोर त्यांच्या गळ्यात टाकायचा. मोठे साहेब ऐकून म्हणाले, "थोडक्यात काय, घरी म्हैस बांधायची की रतीब लावायचा!"

"म्हैस बांधू या, साहेब," बाईंच्या विभागातला दाढीवाला लगेच म्हणाला. हा विभागातला सर्वांत हुशार इंजिनियर, बायकामुलांचा माणूस, पण ओपन सोर्सचं नाव काढलं की पोरासारखा फुलायचा. "धार मी काढतो."

"आणि तू आजारी पडलास तर?" साहेबांनी विचारलं.

दाढीवाला हसला. "म्हशीला सांगेन, थांब म्हणून."

साहेबांनी दोन्हींची चाचणी घ्यायला सांगितलं आणि काम अर्थातच बाईंकडे दिलं. कमर्शियलमध्ये जी कंपनी शेवटपर्यंत टिकली, तिचं नाव वाचून बाई जरा चपापल्या. तिथे त्यांचा दीर विक्री खात्यात होता.

बाई लग्न होऊन आल्या तेव्हा हा दीर शाळेत होता आणि गणितात सपशेल नापास होत होता. बाईंनी त्याला स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसवून भागाकार शिकवला, अपूर्णांक शिकवले, रडला तेव्हा नाक पुसलं आणि कंटाळा केला तेव्हा कान पिळला. नातं भाऊजींचं, पण बोलणं अरेतुरेचं. आता तो दोन गल्ल्या पलीकडे बायकोसोबत राहायचा आणि रविवारी आईला भेटायला यायचा. सासूबाई त्याला अजून विचारायच्या, "तू नेमकं विकतोस तरी काय रे?" तो म्हणायचा, "आई, कोठार." "मग धान्य कुठाय?" असं विचारून त्या स्वतःच हसायच्या.

बाईंनी आडपडदा ठेवला नाही. सरळ साहेबांच्या खोलीत गेल्या. "साहेब, त्या कंपनीत माझा दीर आहे. ही चाचणी दुसऱ्या कुणाकडे द्या."

साहेबांनी मान हलवली. "दुसरं कोण आहे इथे? आणि तुम्ही आहात म्हणून तर मी निर्धास्त आहे."

तिथे हट्ट धरायला हवा होता. पण ते वाक्य बाईंना गोड लागलं, आणि त्या उठून आल्या.

त्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये पाणी घ्यायला थांबल्या असताना खांबापलीकडून खरेदी खात्याच्या प्रमुखाचा आवाज आला. "कसली चाचणी आणि कसलं काय! दुकान घरचंच आहे म्हणे बाईंचं." चौघं जण हसले. बाईंच्या हातातला पेला भरून वाहायला लागला तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे दाराजवळच्या खुर्चीवर बसलेले वडील उभे राहिले.

तेव्हापासून चाचणीचा काटा हलला. आधी त्यांना कळलंही नाही, आणि कळलं तेव्हा त्यांनी कळून घेतलं नाही.

दाढीवाल्याला त्यांनी हवा तेवढा वेळ दिला. त्याने तिकिटांचा डेटा तारखेनुसार कापून लावला, सर्व्हरची मेमरी वाढवली, एकेक प्रश्न घासूनपुसून चकचकीत केला. दिराच्या कंपनीने एक ट्रायल खातं उघडून दिलं होतं. तिथे यंत्र लहान हवं की मोठं, ते वापरणाऱ्याने निवडायचं असतं. त्यांच्या तंत्रज्ञाने पहिल्याच दिवशी फोन करून सांगितलं होतं, "बाई, आत्ता खातं सर्वांत लहान आकारावर आहे. ते नुसती ओळख करून घ्यायला. मोजण्याआधी मोठा आकार निवडा, एका बटणाचं काम आहे. आणि तुमचा डेटा तारखेनुसार लावून घ्या."

"बरं," बाई म्हणाल्या होत्या.

मोजायच्या दिवशी तो पडदा समोर उघडा होता आणि आकाराची खूण अजून सर्वांत लहानवरच होती. बाईंनी माऊस तिथे नेला. त्यांच्या मनात आलं, मोठा केला आणि दिराचं कोठार पुढे गेलं, तर? कोण विश्वास ठेवेल? आपण गळा फोडून सांगितलं तरी कोण ऐकेल? मग मनाने एक सबबही पुरवली: दिलेल्या खात्यावर मोजलं, यात खोटं काय? बाईंनी माऊस मागे घेतला आणि चाचणी सुरू केली.

वर्षभराच्या तिकिटांचा प्रश्न दाढीवाल्याच्या कोठाराने बोलता बोलता सोडवला. दुसरीकडे तोच प्रश्न घालून बाई चहा घेऊन आल्या, तरी चक्र फिरतच होतं. "बघा!" दाढीवाला आनंदाने ओरडला. त्याला त्या आकाराचं काही माहीत नव्हतं. ते खातं फक्त बाई हाताळत होत्या.

निकालाच्या बैठकीला दीर आपल्या वरिष्ठांबरोबर आला. नवा शर्ट, इस्त्रीची घडी तशीच. बाईंना बघून ओठातल्या ओठात हसला, पण वहिनी म्हणून हाक मारली नाही. जागेचं भान होतं त्याला. बाईंनी लागलेल्या वेळेचा आलेख भिंतीवर लावला. एक खांब ठेंगणा, दुसरा छताला भिडलेला.

दिराचा वरिष्ठ पुढे झुकला. "हे कोणत्या आकारावर मोजलं?"

"तुम्ही दिलेल्याच खात्यावर," बाई म्हणाल्या. आवाज स्थिर होता. शाळेत फळ्याकडे पाठ करून बोलताना यायचा तसा.

वरिष्ठाने दिराकडे पाहिलं. दिराने आलेखाकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. मग टेबलावरचे कागद गोळा करत एवढंच म्हणाला, "ठीक आहे. आम्ही बघतो आमच्या बाजूने."

ते गेल्यावर मोठे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "याला म्हणतात माणूस! दिराचीही गय केली नाही." खरेदीप्रमुखाने मान डोलावली. टाळ्या वाजल्या. बाईंनी खाली मान घातली. सगळ्यांना वाटलं, विनय आहे.

पुढचे महिने बाईंना फार जड गेले. ते वाक्य कचेरीभर झालं. वार्षिक सभेत साहेबांनी नाव न घेता दाखला दिला आणि सगळ्या माना बाईंकडे वळल्या. नव्याने भरती झालेल्यांना निःपक्षपणावर दोन शब्द सांगा, असा निरोप आला. बाईंनी घसा बसल्याचं सांगून टाळलं. कौतुकाचा एकेक शब्द चपराकीसारखा लागत होता आणि ती चपराक हसून घ्यावी लागत होती. खाई त्याला खवखवे. घरी नवरा म्हणाला, "अगं, त्याने मनावर घेतलेलं नाही. धंद्यात असं चालायचंच." बाईंनी कूस बदलली. नवऱ्यालाही त्यांनी काही सांगितलं नव्हतं.

दिराने मनावर घेतलं की नाही ते कळायला मार्गच नव्हता, कारण तो काही बोलत नव्हता. एवढं मात्र कळलं की त्याच्याकडून मोठी गिऱ्हाइकं काढून घेतली. घरच्याच कंपनीत माल खपवता आला नाही, असं त्याच्या कचेरीत बोललं गेलं. आता तो छोट्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींचे फोन घेत बसायचा. जाऊबाई रविवारी येईनाशा झाल्या. एकदा भाजीच्या दुकानात समोरासमोर आल्या, तर "घाई आहे" म्हणून जाऊबाई भाजी न घेताच निघून गेल्या. बाई हातात पिशवी घेऊन तशाच उभ्या. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं पुस्तकात वाचलं होतं. आता कळलं की जमीन असलं काही करत नाही. आपल्यालाच घरी चालत जावं लागतं.

कोठार चांगलं चाललं होतं, हे खोटं नव्हे. साहेबांना सकाळच्या प्रश्नाचं उत्तर चहा निवायच्या आत मिळायचं. पण म्हशीची धार काढणारा एकच होता. दाढीवाला सहलीला गेला तरी लॅपटॉप बरोबर; मुलाच्या शाळेत कार्यक्रमाला बसला तरी अर्ध्यातून उठायचा. एकदा नवी आवृत्ती चढवताना काहीतरी अडलं आणि दोन दिवस कुठलाच आकडा निघाला नाही. तो बिचारा कचेरीतच जेवला, कचेरीतच झोपला. "बाई, काळजी करू नका, आपलंच आहे," असं तोच त्यांना समजावत होता. त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून बाईंना वाटायचं, हे ओझं याच्यावर कुणी टाकलं? खऱ्या मापाने निवड झाली असती तर कदाचित हेच कोठार आलं असतं. कदाचित नसतं आलं. ते आता कुणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत होऊ नये अशी व्यवस्था आपणच केली, हा काटा काही केल्या निघत नव्हता.

सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. त्या दिवशी नवऱ्याला रजा मिळाली नाही, म्हणून बाई आणि दीर दोघंच दवाखान्याच्या बाकावर बसले होते. सासूबाईंना आत नेलं होतं. समोर पाण्याचं पिंप, भिंतीवर डोळ्याचं मोठं चित्र.

"भाऊजी," बाई म्हणाल्या, "त्या चाचणीत..."

"राहू दे, वहिनी."

"नाही, ऐक. मी आकार बदलला नव्हता. मला सांगितलं होतं, तरी बदलला नाही."

दीर चित्राकडेच बघत होता. "माहीत आहे."

"माहीत आहे म्हणजे?"

"आमच्याकडे दिसतं ना. कोणतं खातं केवढ्या आकारावर चालतंय, सगळं दिसतं. बैठकीतून आलो त्या दिवशीच पाहिलं."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू?" तो पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळला. "माझ्या वहिनीने माप मारलं म्हणून सांगू? मी तक्रार केली असती तर तुझी नोकरी गेली असती, नाहीतर लोक म्हणाले असते, दिराने दबाव आणला. आमच्या साहेबांना सांगितलं, आपलंच कोठार कमी पडलं."

आपण ज्याचा बळी दिला, तोच आपल्याला पाठीशी घालत होता, आणि आपण इकडे टाळ्या घेत होतो. बाईंनी पदराने तोंड पुसलं, पण पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं.

"रागावला नाहीस?" त्यांनी अखेर विचारलं.

"रागावलो. अजून आहे," तो म्हणाला. "तू मला हरवलंस याचा नाही गं. हरणं हे आमचं रोजचंच आहे. पण तू मला कधी खोटं गणित घातलं नव्हतंस."

आतून नर्सने हाक मारली. तो उठून गेला. बाई तिथेच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे जायच्या आधी बाईंनी दाढीवाल्याला बोलावलं. वाटलं होतं, हे त्यातल्या त्यात सोपं. त्याला सगळं सांगितलं. मग त्याने दाढी खाजवली, खिडकीबाहेर डेपोत उभ्या असलेल्या गाड्यांकडे पाहिलं.

"म्हणजे आपण जिंकलो नव्हतोच," तो म्हणाला.

"तसं नाही. तुझं काम उत्तमच होतं."

"कशावरून?" त्याचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "बाई, मी घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं, आपण त्यांना हरवलं. आईला फोन केला होता. आता ते उत्तम होतं की नाही, हे मला कोण सांगणार? तुम्ही?"

एक अन्याय कबूल करायला गेलेल्या बाईंना दुसरा समोर उभा दिसला. याचा तर त्यांनी विचारच केला नव्हता.

मोठ्या साहेबांना ते ऐकायचंच नव्हतं. "झालं गेलं, बाई. कोठार चालतंय. आता हे उकरून कुणाचं भलं होणार आहे?" मग हळूच, "आणि मी सभेत बोललो त्याचं काय?"

"ते चुकीचं बोललात, साहेब. चूक माझी होती, पण बोललात चुकीचं." बाई आयुष्यात साहेबांना पहिल्यांदा असं बोलल्या. "पुन्हा मोजायला सांगा. मी सोडून कुणीही. आणि त्यांच्या कंपनीला कळवा की पहिली चाचणी बरोबरीची नव्हती."

साहेबांनी चष्मा काढून काच पुसली. शेवटी तयार झाले, नाराजीनेच.

दुसऱ्या विभागातल्या दोघांनी नव्याने मोजलं. दोन्ही बाजूंना सारखी तयारी, सारखी ताकद, दोन्हीकडची माणसं समोर हजर. निकाल असा लागला की मोठ्या, अवघड प्रश्नांत दिराचं कोठार स्पष्टपणे पुढे होतं. रोजच्या कामात दाढीवाल्याचं तसूभरही मागे नव्हतं. खर्चाचं म्हणाल, तर दाढीवाल्याचे तास धरल्यावर फुकट ते फुकट उरलं नाही आणि महाग ते तितकं महाग राहिलं नाही. दोन्ही बाजूंना बोलता आलं असतं. साहेबांनी ठरवलं, एवढं उभं केलंय तर आता मोडायचं नाही. मात्र दाढीवाल्याच्या हाताखाली आणखी दोघं द्यायची. दाढीवाल्याने निकालाचा कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात घातला. बाईंशी तो कामापुरतं बोलायचा. पूर्वी तो त्यांच्या टेबलाशी उभा राहून चहा प्यायचा. आता आपल्या जागेवर प्यायला लागला.

यापुढे कुठलीही निवड एकट्या बाईंकडे द्यायची नाही, असं ठरलं. बाईंनीच ते आधी मागितलं होतं, तरी ऐकताना कानशिलं तापली. आणि कॅन्टीनमध्ये काय झालं? ज्याला भिऊन सगळं केलं, तेच झालं. खरेदीप्रमुख ताटावर बसून म्हणत होता, "बघा, शेवटी दिरासाठी फेरतपासणी करवलीच! करून करून भागली नि देवपूजेला लागली." बाई यावेळी खांबाआड नव्हत्या. ताट घेऊन समोरून आल्या आणि त्याच टेबलाला बसल्या. पानातलं सगळं संपवून मगच उठल्या.

दिराला जुनी गिऱ्हाइकं परत मिळाली नाहीत. त्याच्या कंपनीने साहेबांचं चूक कळवणारं पत्र फायलीला लावलं आणि विषय मिटवला. तो रविवारी आईच्या डोळ्यात थेंब घालायला यायचा, बाईंच्या हातचा चहा घ्यायचा, पण कप आपला आपण विसळून ठेवायचा. आधी कधी ठेवत नसे.

निकालानंतरच्या शनिवारी दुपारी बाई आपण होऊन त्याच्या घरी गेल्या. जाऊबाईंना कुणी काही सांगितलं असेल की नसेल, ठाऊक नव्हतं. ते आपल्याच तोंडून त्यांच्या कानावर जायला हवं होतं. बेल वाजवून बाई उभ्या राहिल्या. घामाने पदर मानेला चिकटला होता. दार जाऊबाईंनीच उघडलं. ओल्या हातांनी, उंबरठ्यात तशाच उभ्या. या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

"सांगायला आलेय," बाई म्हणाल्या. "सगळं. मग हवं तर हाकल."

जाऊबाईंनी क्षणभर त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"चपला आत काढा," त्या म्हणाल्या. "बाहेर कुत्रं उचलून नेतं."